पटावरील जाणत्यांच्या घोडचुका : प्रस्तावना

जिंकलेल्या डावांचे संग्रह बुद्धिबळाच्या वाङ्मयात पुष्कळ आहेत आणि ते असावेत हे योग्यच आहे. परंतु ज्या डावांत जगातील अग्रगण्य खेळाडूंनी, शाळकरी मुलानेही सहसा करू नये अशी एखादी खेळी करून, तासन्‌तास कष्टाने उभारलेले सर्व काही एका क्षणात गमावले, असे डाव मुद्दाम वेचून आणि त्यांचा क्रम लावून यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थी खेळाडूंच्या हाती द्यावेत, ही कल्पना प्रथम ऐकणारास थोडी विलक्षण वाटण्याचा संभव आहे. थोरांची फजिती पाहण्यात जे एक हीन प्रतीचे सुख असते, त्यासाठी हा खटाटोप केलेला नाही, हे आरंभीच स्पष्ट सांगितलेले बरे. ह्या डावांत जे घडले ते का घडले हे उमगल्यावाचून बुद्धिबळ पुरते समजत नाही, अशी माझी धारणा आहे, आणि ती कोणत्या आधारावर उभी आहे ते येथे सविस्तर मांडावयाचे आहे.

निमित्त सांगतो. २०२५ च्या जुलै महिन्यात जॉर्जियातील बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, आणि त्यात पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीय खेळाडू बसल्या होत्या. एकीकडे आंध्र प्रदेशच्या कोनेरू हंपी, ज्यांनी २००२ साली वयाच्या पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर किताब मिळविला आणि पुढे २०१९ व २०२४ अशी दोनदा जलद बुद्धिबळाची जागतिक अजिंक्यपदे जिंकली. दुसरीकडे नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख, जिला स्पर्धेच्या मानांकनात पंधरावे स्थान होते. नागपूर यवतमाळपासून सुमारे दीडशे किलोमीटर. जुन्या दप्तरात वऱ्हाड आणि नागपूर हे वेगवेगळे मुलूख होते खरे, पण २८ जुलैच्या संध्याकाळी तो भेद कोणाच्याही ध्यानी राहिला नाही. आपली पोर जिंकली, एवढीच भावना वणीपासून उमरखेडपर्यंत होती. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ जो तो एकच प्रश्न विचारू लागला : हंपींसारख्या कसलेल्या खेळाडूला अखेरीस ते दिसले कसे नाही?

प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु तो अर्धाच विचारला गेला. २६ व २७ जुलैचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले, आणि त्यांतल्या पहिल्या डावात चालून आलेली मोठी संधी दिव्याच्या हातून निसटली होती. मग २८ जुलैला जलद डावांवर निकाल लावण्याची पाळी आली. त्यांतलाही पहिला डाव बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या दिव्याने, हंपींच्या घड्याळात अगदी मोजका वेळ उरला असता त्यांच्याकडून झालेल्या चुकांचा लाभ घेऊन, सामना अडीच विरुद्ध दीड असा जिंकला व त्याबरोबरच ग्रँडमास्टर किताबही मिळविला. त्याआधी उपांत्य फेरीत माजी जगज्जेत्या तान झोंगयी हिच्याशी तिचा जो १०१ खेळ्यांचा डाव झाला, त्यात वर्चस्व एकदा ह्या बाजूला तर एकदा त्या बाजूला असे हेलकावत राहिले. म्हणजे चूक करणारी आणि चुकीचा फायदा घेणारी अशा दोन निराळ्या जाती पटावर नसतात. एकच खेळाडू एकाच आठवड्यात दोन्ही असतो, आणि विजेता तो ठरतो ज्याची चूक शेवटची नसते. दिव्याचे यश ह्यामुळे तिळमात्र उणे होत नाही. अशा डावांत टिकून राहणे हेच तिचे सामर्थ्य आहे.

आता जरा मागे जाऊ. १८९२ साली क्यूबाची राजधानी हवाना येथे विल्हेल्म स्टाइनिट्झ व मिखाईल चिगोरिन ह्यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना चालला होता, आणि तेविसाव्या डावात चिगोरिनने राजाच्या बाजूचे प्यादे सुरुवातीसच बळी देणारी, त्या काळातील सर्वांत साहसी अशी मांडणी पत्करली होती. साहस फळास आले. बत्तिसाव्या खेळीपर्यंत तो एका मोहऱ्याने वरचढ होता. त्याचा राजा कोपऱ्यात होता, आणि त्याच्या पुढ्यातल्या एच२ ह्या घरातील प्याद्यावर स्टाइनिट्झचे दोन हत्ती दुसऱ्या आडव्या ओळीतून डोळा लावून बसले होते; ते प्यादे राखण्याचे काम डी६ ह्या घरातला चिगोरिनचा उंट एकटा करीत होता. राखणदार दूर बसलेला, राखण मात्र पक्की. चिगोरिनने तोच उंट उचलला आणि बी४ ह्या घरात नेऊन ठेवला. स्टाइनिट्झच्या हत्तीने एच२ वरचे प्यादे घेऊन शह दिला, पुढच्याच खेळीला मात होती, आणि त्या एका डावाबरोबर सामनाही संपला. चिगोरिनला तो उंट काय करीत आहे हे ठाऊक नव्हते काय? पुष्कळ खेळ्यांपूर्वी ते त्यानेच योजले असले पाहिजे. ठाऊक असलेली गोष्ट ऐन प्रसंगी मनाच्या नजरेआड होते, हा खरा गूढ विषय आहे. अज्ञान हा येथील विषयच नव्हे.

ह्या गूढाचा पहिला धागा डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट ह्यांच्या संशोधनात सापडतो. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात त्यांनी दाखवून दिले की, श्रेष्ठ खेळाडू सामान्य खेळाडूपेक्षा फार अधिक खेळ्या तपासतो हा समज बरोबर नाही; तो तपासतो थोड्याच, पण ज्या तपासावयाच्या त्याच त्याच्या नजरेस आधी पडतात. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत चेस व सायमन ह्या संशोधकांनी असे दाखविले की, खऱ्या डावातील पट काही सेकंद दाखवून झाकला तर निष्णात खेळाडू तो जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा मांडतो. पण मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली की त्याची ही विलक्षण स्मृती बहुतांशी लोपते. म्हणजे तो एकेक मोहरा पाहत नाही. मोहऱ्यांच्या ओळखीच्या जुळण्या पाहतो. ह्या जिल्ह्यातील कापसाच्या बाजारात ज्याने उभी हयात घालविली आहे असा व्यापारी गाडीतून चिमूटभर कापूस उचलून, दोन बोटांत त्याचे तंतू ओढून पाहतो आणि धाग्याची लांबी व बळकटी क्षणात सांगतो. तो सहसा चुकत नाही, कारण हजारो गाड्यांची स्मृती त्याच्या बोटांत असते. पण गाडीच्या वर पहिल्या वेच्याचा आणि तळाशी फरदडीचा कापूस भरला असेल, तर त्याच निष्णात बोटांचा फैसला त्याला फसवितो, आणि नवखा मनुष्य, ज्याला बोटांवर विश्वास नसल्यामुळे गाडी उपसून पाहावी लागते, तो कदाचित वाचतो.

जाणत्याच्या घोडचुकीचे मूळ मला येथे दिसते. नको त्या खेळ्या विचारातच न घेणे हे त्याचे सर्वांत मोठे बळ. परंतु जी खेळी विचारात घेतलीच नाही, तीच त्या दिवशी निर्णायक असली तर त्याला वाचविणार कोण? बिलालिच, मॅकलाउड व गोबे ह्या तिघा संशोधकांनी २००८ साली केलेला प्रयोग ह्या बाबतीत फार बोलका आहे. खेळाडूंपुढे त्यांनी अशी स्थिती मांडली की तीत परिचित पद्धतीने मात करण्याचा एक मार्ग होता आणि त्याहून कमी खेळ्यांचा, पण अपरिचित असा दुसराही होता. परिचित मार्ग सापडल्यावर, अधिक चांगला मार्ग आहे का ते पाहा, असे सांगितले असता खेळाडूंनी आपण तो शोधीत असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले. पण त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या तेव्हा आढळले की, नजर पुन्हा पुन्हा पहिल्या कल्पनेतील घरांवरच जात होती. मनुष्य शोधीत आहे, शोधीत असल्याची त्याची खात्री आहे, आणि दृष्टी मात्र जागची हललेली नाही. मला तरी बुद्धिबळाच्या साऱ्या शास्त्रीय अभ्यासात ह्याहून अधिक चिंतनीय काही आढळले नाही.

मग हे प्रमाद गुंतागुंतीच्या, चकमकीच्या डावांतच का गर्दी करतात? ज्या स्थितीत दोन्ही राजे उघडे पडले आहेत, तीन-चार मोहरी एकाच वेळी मारात आहेत आणि कोणाचे आक्रमण आधी पोचते एवढाच वाद उरला आहे, तेथे सर्वसाधारण तत्त्वांचा अंमल चालत नाही. मधली घरे ताब्यात ठेवावीत, मोहरी विकसित करावीत, राजा सुरक्षित करावा, हे नियम शांत डावात शंभरदा तारतात. येथे एक नियम पाळावा तर दुसरा मोडतो. शिवाय शांत स्थितीत पहिल्या प्रतीची खेळी सोडून दुसऱ्या प्रतीची केली तर फार तर किंचित गैरसोय सोसावी लागते, आणि ती तफावत बघ्याला कळतही नाही. तीक्ष्ण स्थितीत पहिली खेळी तारते व दुसरी बुडविते. अवधान तितकेच ढळलेले असते. शिक्षा मात्र हजारपट असते. ज्या चुका आपण मोजतो त्या केवळ ज्यांना शिक्षा झाली अशा चुका असतात, हे विसरल्यामुळेच, अमुक मोठा खेळाडू तीक्ष्ण डावात अचानक वाईट खेळू लागला, असे आपण म्हणतो.

ह्या म्हणण्याला अँडरसन, क्लाइनबर्ग व मुल्लैनाथन ह्यांच्या २०१६ सालच्या संशोधनातून चांगलाच आधार मिळाला आहे. पटावर थोडीच मोहरी उरलेली, ज्यांचे अचूक उत्तर संगणकाने निःशेष काढून ठेवले आहे, अशा स्थिती घेऊन त्यांनी असंख्य डावांतील चुका तपासल्या, आणि त्यांना असे दिसून आले की, चूक होईल की नाही ह्याचा सर्वांत भरवशाचा अंदाज खेळाडूच्या दर्जावरून येत नाही, उरलेल्या वेळावरूनही येत नाही. तो स्थितीच्या अंगभूत अवघडपणावरून येतो. पट अवघड असतो म्हणून माणूस चुकतो, इतका साधा निष्कर्ष. पण तो उमजायला एकविसावे शतक उजाडावे लागले, कारण तोवर आपण माणसाकडे पाहत होतो, पटाकडे पाहत नव्हतो.

येथे कोणी म्हणेल की, असे आहे तर शहाण्याने तीक्ष्ण डावांच्या वाटेस जाऊच नये. पण आजच्या अव्वल स्पर्धांत दोघेही तुल्यबल असतात, दोघांचीही तयारी संगणकावर घासून झालेली असते, आणि सरळ वाटेने गेल्यास डाव बहुधा बरोबरीत सुटतो. ज्याला जिंकावयाचे आहे त्याला धोक्याचे रान तुडवावेच लागते. चिगोरिनने तेच केले, दिव्या तेच करते. घोडचुकीची शक्यता हे विजयाच्या इच्छेचे मोल आहे आणि ते देण्याचे धैर्य ज्याच्यात नाही त्याचे नाव संग्रहात येत नाही, विजयाच्याही आणि पराजयाच्याही.

सोव्हिएत ग्रँडमास्टर व मानसशास्त्रज्ञ निकोलाय क्रोगियस ह्यांनी चुकीच्या मुळाशी असलेल्या मनातल्या चित्रांचा विचार केला आहे, आणि तो ह्या संग्रहाच्या वाचकास फार उपयोगी पडेल. लांबलचक गणित करताना खेळाडू मनातल्या मनात मोहरी हलवितो. पाच खेळ्यांपुढची स्थिती पाहताना, मघाच हललेला मोहरा जुन्या घरातच आहे असे त्याला वाटत राहते, किंवा उलट, अजून न घडलेला धोका घडल्यासारखा भासून तो भलत्याच गोष्टीचा बचाव करतो, किंवा स्थिती जिंकलीच आहे असे मनाने ठरविल्यावर ते चित्र गोठते आणि पटावरचे बदल त्यात उमटेनासे होतात. तिसऱ्या प्रकाराचा दाखला म्हणून १९५६ च्या ॲमस्टरडॅम स्पर्धेतील टिग्रान पेट्रोस्यान व डेव्हिड ब्रॉनस्टाइन ह्यांचा डाव येथे घेतला आहे. बचावाचा महामेरू म्हणून पुढे जगज्जेता झालेला पेट्रोस्यान, प्रतिपक्षाला हालचालीसही जागा उरली नाही इतकी कोंडी करून बसला होता. ब्रॉनस्टाइन नाइलाजाने एकच घोडा इकडून तिकडे नाचवीत होता. खेळीमागून खेळी तो घोडा निरुपद्रवीपणे उड्या मारीत राहिला, आणि अशाच एका उडीत त्याने पेट्रोस्यानच्या वजिरावर मारा केला. पेट्रोस्यानने आपल्या घोड्याची योजिलेली खेळी केली. त्याचा वजीर फुकट गेला.

घड्याळाविषयी थोडक्यात. १८८३ साली लंडनच्या स्पर्धेत दोन तोंडांचे यांत्रिक घड्याळ पटाशेजारी आले, आणि तेव्हापासून मुदत हा पटावरचा तेहेतिसावा मोहरा झाला. पण वेळ कमी पडला म्हणून चूक झाली, हे स्पष्टीकरण बरेचदा अपुरे असते. सोव्हिएत ग्रँडमास्टर अलेक्झांडर कोटॉव्ह ह्यांनी वर्णिलेली अवस्था पाहा. खेळाडू अर्धा तास दोन मार्ग आलटून पालटून तपासतो, दोन्हींत काही ना काही उणे आढळते, एकाएकी घड्याळाकडे नजर जाते, आणि तो ज्याचा एक क्षणही विचार केला नव्हता अशी तिसरीच खेळी करून मोकळा होतो. त्याला अर्धा तास मिळाला होता. त्या खेळीला मात्र एक क्षणही मिळाला नाही.

प्रतिस्पर्ध्याच्या कीर्तीचाही डोळ्यांवर पडदा येतो. १५ नोव्हेंबर २०१४ रोजी सोची येथे, जगज्जेतेपदाच्या सहाव्या डावात, मॅग्नस कार्लसनने सव्विसाव्या खेळीस राजा डी२ ह्या घरात नेला आणि खेळी केल्यावर लगेच त्याच्या ध्यानी आले की, विश्वनाथन आनंदच्या घोड्याने ई५ वरचे प्यादे घेतले तर सर्व संपले. तो निश्चल बसून राहिला. आनंदने थोड्याच वेळात आपले ए-पट्टीतले प्यादे पुढे सरकविले, आणि मग त्यालाही कळून चुकले. जगातील दोन सर्वोत्कृष्ट खेळाडूंनी लागोपाठच्या दोन खेळ्यांत दोन घोडचुका केल्या, कारण एकाला असे काही असेल असे वाटले नाही, आणि दुसऱ्याला, समोरचा मनुष्य असे काही देईल असे वाटले नाही. तो डाव कार्लसनने जिंकला आणि सामनाही.

ह्या संग्रहातला सर्वांत शांत डाव मात्र मला सर्वांत करुण वाटतो. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे डिंग लिरेन व डी. गुकेश ह्यांच्या सामन्याचा चौदावा आणि अखेरचा डाव चालू होता. दोघांकडे एक हत्ती, एक उंट आणि थोडी प्यादी; गुकेशपाशी एक प्यादे अधिक. बरोबरी दृष्टिपथात होती. डिंगने पंचावन्नाव्या खेळीस हत्ती एफ२ वर नेऊन हत्तींची अदलाबदल देऊ केली. हत्ती गेले की ओझे उतरेल, असेच त्याला वाटले असले पाहिजे. पण त्याचा उंट दूर ए८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती मारले गेल्यावर गुकेशने आपला उंट डी५ वर आणून डिंगवर उंटांची अदलाबदल लादली, आणि राहिलेल्या राजा-प्याद्यांच्या शेवटात ते एक जास्तीचे प्यादे पुरेसे होते. अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. तीन आठवड्यांच्या ताणाने थकलेल्या मनाला सुटका हवी असते, आणि सुटकेसारखी दिसणारी खेळी त्याला फार लवकर पटते. चुकीची ही जात चकमकीत जन्मते आणि चकमक संपल्यावर प्रकट होते. त्यामुळेच हा शांत डाव ह्या संग्रहात बसतो.

आता आपल्या गावच्या गोष्टीकडे वळतो. शालेय स्पर्धा बहुतेक उन्हाळ्याच्या सुट्टीत भरतात, आणि मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४ अंशांच्या आसपास असतो. कोंदट सभागृहात एकाच दिवशी पाच-सहा फेऱ्या, भिंतीला लागून उभे असलेले पालक, दुपारी वीज गेली की थांबलेले पंखे, आणि तिसऱ्या फेरीनंतर कोमेजलेली आठ-नऊ वर्षांची मुले, हे दृश्य ज्याने पाहिले असेल त्याला पुढचे ऐकून नवल वाटणार नाही. जर्मनीतील स्पर्धांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना असे आढळले आहे की, सभागृहातील हवेत सूक्ष्म धूलिकण वाढले की खेळाडूंच्या ठळक चुका वाढतात, आणि वेळेची ओढाताण असेल तेव्हा हा परिणाम अधिक तीव्र होतो. प्रौढ, अनुभवी खेळाडूंची ही कथा, तर आपल्या मुलांची काय असेल? तरीही डाव हरून आलेल्या मुलाला पहिला प्रश्न विचारला जातो तो, लक्ष कुठे होते, हा.

चुकणाऱ्यालाच दोष देण्याच्या ह्या वृत्तीला संगणकाने नवे बळ दिले आहे. डाव चालू असताना पडद्याच्या कडेला संगणकाचे मूल्यमापन दाखविणारी एक पट्टी वरखाली होते आणि पट काडीमात्र न समजणारा प्रेक्षकही, ग्रँडमास्टरला एवढे दिसले नाही, असा निवाडा देऊन मोकळा होतो. त्याला उत्तर आयते मिळालेले असते. पटापुढच्या माणसाला तर प्रश्न आहे हेही कोणी सांगितलेले नसते. येथे काहीतरी आहे, शोधा, असे कोणी कानात सांगितले असते तर आनंदने तो घोडा काही क्षणांत उचलला असता. हा अन्याय मला मनापासून खुपतो, कारण त्यामुळे मुले चुकीला भिऊ लागतात, आणि चुकीला भिणारे मूल तीक्ष्ण डाव टाळते व हळूहळू खेळच टाळते.

चुकीवर उपाय आहे काय? संपूर्ण उपाय नाही. सोव्हिएत खेळाडू ब्लुमेनफेल्ड ह्यांनी एक तजवीज सुचविली होती आणि कोटॉव्ह ह्यांनी तिचा प्रसार केला : खेळी ठरली की ती आधी कागदावर सावकाश लिहावी, मग पटाकडे पुन्हा, अगदी नवशिक्याच्या डोळ्यांनी, क्षणभर पाहावे आणि मगच मोहऱ्याला हात लावावा. आता आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळी करण्यापूर्वी लिहिण्यास मनाई केली आहे, तेव्हा स्पर्धेत ती तजवीज शब्दशः चालणार नाही. पण हात आणि मोहरा ह्यांच्यामध्ये तेवढा एक श्वास राखण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. चिगोरिनने तो राखला असता तर उंट डी६ वर राहिला असता, असे मी म्हणतो तेव्हा त्याला दोष देत नाही. इतक्या थोर माणसालाही ते कठीण गेले, तर आपण त्याचा सराव किती करावयास हवा, एवढेच मला सुचवावयाचे आहे.

पुसद, दारव्हा, घाटंजी, राळेगाव, पांढरकवडा येथे जे शिक्षक शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन बसतात, त्यांना माझी एक विनंती आहे. ह्या संग्रहातील प्रत्येक डाव चुकीच्या खेळीच्या अलीकडे थांबवून मुलांपुढे मांडावा, पुढे काय झाले ते सांगू नये, चूक येणार आहे हेही सांगू नये, आणि प्रत्येक मुलाने आपली खेळी वहीत लिहून दिल्यावरच पान उलटावे. आणि स्पर्धा भरविणाऱ्या मंडळींनी फेऱ्या थोड्या कमी करून सभागृहाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, दोन फेऱ्यांच्या मध्ये मुलांना पाणी व तासभर विसावा द्यावा, आणि पालकांना दाराबाहेर बसवावे.